परवासाठी इंग्रजी शब्द : विसरलेले शब्द बोलण्यात परत आणण्याच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५ : काम काय आणि चाळणी कोणती

इंग्रजीतून बाद झालेल्या शब्दांच्या याद्या भरपूर आहेत. आणखी एक यादी करायची नाही. मराठी घरात, ऑफिसात, कॉलेजात मराठी-इंग्रजी मिसळून बोलले जाते. त्या बोलण्यात मोजके जुने इंग्रजी शब्द रुळवायचे, एवढे काम आहे. शब्द दाखवण्यासाठी नाही, वापरण्यासाठी.

प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे. या अर्थाला आजच्या इंग्रजीत एकच सुटसुटीत शब्द आहे का? असेल तर जुना शब्द बाद. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाक्यावरून अर्थ लागेल का? आणि तो शब्द कधीकाळी खरोखर बोलला जात होता, की नुसता कोशातच होता?

पहिला प्रश्न सगळ्यात कडक ठेवला आहे. परत आलेल्या शब्दांचा इतिहास तेच सांगतो. ‘सिब्लिंग’ हा जुन्या इंग्रजीतला ‘नातलग’ अशा अर्थाचा शब्द मध्ययुगानंतर मागे पडला. १९०३ पासून तो शास्त्रीय लिखाणात ‘भाऊ किंवा बहीण’ या अर्थाने पुन्हा दिसू लागला. इंग्रजीत भाऊ होता, बहीण होती, भावंड नव्हते. ती जागा रिकामी होती म्हणून शब्द टिकला, आणि तो जुना आहे हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘हँडबुक’ची गोष्टही अशीच. जुन्या इंग्रजीत तो होता, लॅटिनकडून आलेल्या ‘मॅन्युअल’ने त्याला हटवले आणि १८१४ च्या सुमारास जर्मन ‘हांडबूख’च्या धर्तीवर तो परत आला.

तिसरे उदाहरण आपल्या वर्तमानपत्रांत रोज छापले जाते. ‘रोड’ आणि ‘रेड’ (छापा) हे मुळात एकाच जुन्या इंग्रजी शब्दाचे दोन अवतार. दुसरा स्कॉटलंडच्या बोलीत उरला होता. वॉल्टर स्कॉट यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला तो आपल्या लिखाणात घेतला आणि तिथून तो सगळ्या इंग्रजीत पसरला. आज ‘इन्कम टॅक्सची रेड पडली’ म्हणताना आपण पुनरुज्जीवित शब्दच वापरत असतो.

१३ जुलै : कोश वाचायचा कसा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ अशी भागाभागाने निघाली) बाद शब्दापुढे कट्यारीची खूण असते. ती संपूर्ण शब्दाला आहे की त्याच्या एखाद्याच अर्थाला, हे आधी पाहायचे. पुष्कळ शब्द जिवंत असतात आणि त्यांचा फक्त एक अर्थ मेलेला असतो. असे शब्द घ्यायचे नाहीत, कारण जुना अर्थ वापरला की ऐकणारा नवाच अर्थ घेतो. ‘अनॉन’ याच कारणाने यादीतून काढला. त्याचा जुना अर्थ ‘लवकरच’, पण आज ऐकू येते ते ‘निनावी’.

नंतर दाखल्यांच्या तारखा पाहायच्या. दाखले दोनशे वर्षांत पसरलेले असतील आणि नाटक, पत्र, प्रवचन अशा वेगवेगळ्या जागचे असतील, तर शब्द बोलण्यात होता असे मानायला आधार मिळतो. सगळे दाखले कोशांतूनच आलेले असतील तर सावध राहायचे. १७ व्या शतकातल्या ‘अवघड शब्दां’च्या कोशकारांनी लॅटिन शब्दांना इंग्रजी शेपूट लावून कितीतरी शब्द घडवले, आणि पुढच्यांनी ते एकमेकांचे पाहून उतरवले.

कोशातून शब्द गेला म्हणजे कायमचा गेला असे नाही. ‘स्नॉलीगॉस्टर’ (तत्त्वशून्य, धूर्त माणूस, बहुधा राजकारणी) मेरियम-वेबस्टरने २००३ मध्ये काढला आणि २०१७ मध्ये परत घेतला. आमच्या यादीत मात्र तो नाही. तो उच्चारला की सगळे हसतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

२० जुलै : एनग्रॅम आलेखातल्या खाचा

गूगलच्या एनग्रॅममध्ये (छापील पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या साली किती आला ते दाखवणारे साधन) शब्द टाकून आलेख पाहणे सोपे आहे, म्हणून फसगतही तिथेच जास्त. कारणे एकदा लिहून ठेवतो.

१८०० च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांब असे, जवळपास एफसारखा. यंत्र तो एफ वाचते. त्यामुळे ‘सेम’चे ‘फेम’ होते, आणि एस असलेला जुना शब्द १८०० च्या आसपास अचानक जन्मल्यासारखा दिसतो. अशा शब्दाचे एफ घातलेले रूपही शोधायचे आणि दोन्ही आलेख एकत्र वाचायचे.

निदान ४० पुस्तकांत नसलेला शब्द एनग्रॅम दाखवतच नाही. आलेख रिकामा आला तर ‘शब्द नव्हता’ असा निष्कर्ष काढायचा नाही.

पुनर्मुद्रणे नव्या सालात मोजली जातात. बायबल आणि प्रार्थनासंग्रह १९ व्या शतकात वारंवार छापले गेले, म्हणून ‘दाऊ’ (तू) किंवा ‘हिदर’ (इकडे) त्या काळात ठणठणीत दिसतात. बोलण्यातून ते केव्हाच गेले होते.

या तिन्हींवर उपाय एकच : १४७५ ते १७०० मधल्या छापील इंग्रजी पुस्तकांचा हाताने टंकलेला जो मजकूर मोफत मिळतो, त्यात थेट शोधायचे. तिथे स्पेलिंगची रूपे आधी काढावी लागतात. यू आणि व्ही, आय आणि जे ही अक्षरे तेव्हा एकमेकांच्या जागी येत. व्यंजन कधी जोड, कधी एकेरी. शेवटी फुकटचा ई. एका शब्दासाठी सहज सहा-आठ रूपे तपासावी लागतात. मजकूर मोठा असेल तर लँकेस्टर विद्यापीठात तयार झालेले ‘व्हार्ड’ हे साधन जुनी स्पेलिंगे आधुनिक करून देते; पण त्याने बदललेला शब्द मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय नोंदवायचा नाही.

२७ जुलै : गुण देण्याची पट्टी

अमेरिकन शब्दाभ्यासक ॲलन मेटकाफ यांनी २००२ मध्ये नव्या शब्दांचे भवितव्य तपासण्यासाठी पाच कसोट्या मांडल्या : शब्द किती वेळा कानावर पडतो, तो किती नकळत मिसळतो, किती वेगवेगळ्या लोकांच्या तोंडी आहे, त्यातून नवी रूपे निघतात का, आणि ज्या गोष्टीसाठी तो आहे ती गोष्ट टिकणार आहे का. प्रत्येकीला ० ते २, एकूण १०.

पट्टी नव्या शब्दांसाठी आहे, पण बाद शब्द परत येतो तेव्हा ऐकणाऱ्याला तो नवाच असतो. म्हणून तीच वापरतो. बाद शब्दाला पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीत ० ठरलेलेच, तेव्हा उरलेल्या ६ पैकी निदान ५ मिळाले तरच पुढे जायचे. ‘नकळत मिसळणे’ यात ० असेल तर बाकी गुण कितीही असोत, शब्द बंद.

३ ऑगस्ट : ओव्हरमॉरो

यादीतला सगळ्यात भक्कम शब्द. अर्थ : येणारा परवा. १५३५ च्या कव्हरडेल बायबलमध्ये टोबायस साराला सांगतो की आज, उद्या आणि परवा प्रार्थना करू. तिथे हाच शब्द आहे, व्हीच्या जागी यू आणि एकच आर घालून. जर्मनमध्ये ‘युबरमॉर्गन’ आणि डचमध्ये ‘ओव्हरमॉर्गन’ आजही रोजचे शब्द आहेत. इंग्रजीने मात्र ही जागा रिकामी सोडली आणि तीन शब्दांच्या ‘डे आफ्टर टुमॉरो’वर काम भागवले. आपल्याकडे त्याचेही ‘डे आफ्टर’ झाले (‘डे आफ्टर येतो’), म्हणजे गरज आहे आणि लोक तिच्यावर उपाय शोधतही आहेत.

वापर ‘टुमॉरो’सारखाच. मागे ‘ऑन’ लावायचे नाही. ‘आय विल कॉल ओव्हरमॉरो’, ‘ओव्हरमॉरो इव्हिनिंग’, ‘ओव्हरमॉरोज मीटिंग’. शेवटची दोन रूपे निघतात म्हणून चौथ्या कसोटीत २. मिसळण्यात २, टिकण्यात २. पूर्ण ६.

चुकते कुठे? पहिली अडचण मराठीची. आपला ‘परवा’ दोन्हीकडे चालतो. ‘परवा आला होता’ आणि ‘परवा येईन’ यांतला फरक क्रियापद सांगते. त्यामुळे मराठी माणूस ‘आय मेट हिम ओव्हरमॉरो’ असे सहज म्हणून जाईल. हा शब्द फक्त पुढचा आहे. शिकवताना ‘परवा’ हा प्रतिशब्द एकटा द्यायचा नाही, ‘उद्यानंतरचा दिवस’ असेच सांगायचे.

दुसरी अडचण कानाची. फोनवर पहिला भाग गिळला गेला की ऐकणारा ‘टुमॉरो’ ऐकतो आणि माणूस एक दिवस आधी येऊन उभा राहतो. जोर ‘मॉ’वर द्यायचा, पण ‘ओव्हर’ पूर्ण उच्चारायचा आणि लगेच वार किंवा तारीख जोडायची : ‘ओव्हरमॉरो, ट्यूसडे’. वार जोडल्याने अर्थही तिथेच उलगडतो, वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जिथे वापरायचा नाही अशा जागा : औषधाच्या वेळा, तिकिटे, करार, परीक्षेची उत्तरपत्रिका, कोर्टाचे कागद. तिथे तारीखच.

१० ऑगस्ट : एअरयेस्टर्डे

गेलेला परवा. ‘एअर’ म्हणजे ‘आधी’. जोडी पूर्ण होते, पण ओव्हरमॉरोबरोबर एकाच वेळी देऊ नये. दोन्ही एकदम दिले तर मराठी डोक्यात ते एकाच ‘परवा’ला चिकटतात आणि उलटसुलट होतात. पहिला शब्द बिनचूक वापरला जाऊ लागला की मगच दुसरा. लिहिताना अखंड लिहायचा; तोडून लिहिला तर वाचणाऱ्याला सुटा ‘एअर’ अडतो. गुण ५.

तेरवासाठी शब्द शोधायचा मोह होतो. नको. जर्मनमध्ये ‘युबर’ दोनदा लावून तेरवा होतो, इंग्रजीत तशी परंपरा नाही आणि आमचे काम शब्द घडवण्याचे नाही.

१७ ऑगस्ट : दाऊ का नाही

मराठी माणसाला सगळ्यात आधी हाच सुचतो. इंग्रजीत तू-तुम्ही नाही याची आपल्याला खंत असते आणि एकेकाळी ते होते हे कळले की हुरूप येतो. शिवाय मोठाच गैरसमज आहे : प्रार्थनेत देवाला ‘दाऊ’ म्हणतात म्हणून तो आदरार्थी असावा असे वाटते. तो सरळ एकवचनी ‘तू’ आहे. आपणही देवाला ‘तू’च म्हणतो, तेव्हा यात आश्चर्य वाटायला नको.

त्याचा अपमानासाठीही वापर होई. १६०३ च्या नोव्हेंबरात विंचेस्टरला वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर’ असे म्हटले. इथे पहिला ‘दाऊ’ क्रियापद आहे. मराठीत याला अचूक शब्द आहे : अरे-तुरे करणे. त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी लहानथोर सगळ्यांनाच ‘दाऊ’ म्हणायचा आग्रह धरला, आणि वरच्या वर्गाला तो झोंबला तो याच कारणाने.

रूपे नोंदवून ठेवतो, कारण जुन्या धाटणीचे लिहू पाहणारे इथेच हमखास चुकतात. कर्ता ‘दाऊ’, कर्म ‘दी’, ‘तुझा’साठी ‘दाय’, आणि पुढे स्वर असेल किंवा शब्द एकटा असेल तर ‘दाइन’. क्रियापदाला ‘एस्ट’ किंवा नुसते ‘स्ट’ : दाऊ नोएस्ट, दाऊ कॅन्स्ट. अनियमित : आर्ट, हॅस्ट, डस्ट, विल्ट, शॅल्ट. ‘एथ’ हा प्रत्यय ‘दाऊ’चा नाही, तो ‘ही’ आणि ‘शी’चा आहे. ‘दाऊ नोएथ’ हे कुठल्याच काळातले इंग्रजी नाही.

नाकारण्याचे कारण हेच. नाम एकटे येते, सर्वनाम आपला सगळा कुटुंबकबिला घेऊन येते : चार रूपे आणि प्रत्येक क्रियापदाचा वेगळा शेवट. बोलताना एवढे सांभाळणे होत नाही. यॉर्कशायरच्या बोलीत हे सर्वनाम आजही ऐकू येते, पण तिथे ते कोणी परत आणलेले नाही, ते कधी गेलेच नाही. क्वेकरांच्या घरांतही पुढे कर्त्यालासुद्धा ‘दी’ आणि क्रियापद तृतीय पुरुषी असे सोपे रूप झाले. एकनिष्ठ माणसांनी मनापासून जपूनही रूपे अशी झिजतात.

२४ ऑगस्ट : मीथिंक्स

‘मला वाटते’. अक्षरशः तसेच. जुन्या इंग्रजीत ‘विचार करणे’ आणि ‘वाटणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे होती. उच्चार जवळ आल्याने ती एकमेकांत मिसळली. ‘मीथिंक्स’मधले क्रियापद दुसरे आहे. ‘मी’ म्हणजे मराठी ‘मला’, आणि क्रियापद तृतीय पुरुषी, आपल्या ‘वाटते’सारखे. म्हणून शेवटचा ‘स’ सोडायचा नाही. भूतकाळ ‘मीथॉट’. ‘आय मीथिंक्स’ म्हणजे ‘मी मला वाटते’, ते चूक.

इंग्रज शिक्षकाला हे पटवून द्यावे लागते, मराठी मुलाला दोन मिनिटांत समजते. तरीही यादीत घेताना घोळ आहे : आज इंग्रजीभाषक तो थट्टेनेच वापरतात. घरच्या गटात चालेल. वरिष्ठांना लिहिलेल्या मेलमध्ये नको, तिथे मत मांडण्याऐवजी टर उडवल्यासारखे वाचले जाते. गुण ४. यादीत नाही, पुरवणीत ठेवला.

७ सप्टेंबर : आपल्याकडे टिकलेले

भारतीय इंग्रजीने कितीतरी शब्द सांभाळले आहेत आणि ते का टिकले हे पाहणे उपयोगाचे आहे. ‘स्टेपनी’ घ्या. वेल्समधल्या लनेथली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीचे जादा चाक बनवायला सुरुवात केली. गल्लीचे नाव चाकाला मिळाले. इंग्लंडात आज हा शब्द सांगितला तर कळणार नाही, आपल्याकडे पंक्चरच्या प्रत्येक दुकानात चालतो. ‘टिफिन’ १८ व्या शतकातल्या इंग्रजी बोलभाषेतला, किरकोळ खाण्यापिण्याबद्दलचा. तिकडे विरला, इथे डब्यावर बसला. ‘थ्राइस’ इंग्लंड-अमेरिकेत पुस्तकी झाला, आपल्याकडे अजून बोलतात.

स्टेपनी आणि टिफिन दोघांनाही हाताला लागणारी वस्तू मिळाली. वस्तू रोज हाताळली जाते तोवर नाव मरत नाही.

उलट बाजूला ‘सेनाइट’. सात रात्री, म्हणजे आठवडा. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. एकाच साच्यातले हे दोन शब्द. पहिला मेला, कारण ‘वीक’ होताच, आणि दुसरा ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे जगला, कारण पंधरवड्याला दुसरा शब्द नव्हता. अमेरिकेने ‘टू वीक्स’वर भागवले. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी ‘फोर्टनाइटली’ पुढे करायचा. ‘बायवीकली’चे दोन अर्थ होतात, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, पगाराच्या तारखेबाबत हा गोंधळ परवडत नाही. यादीत घेतला.

१४ सप्टेंबर : केम्प्ट, यॉन्डर

‘केम्प्ट’ : विंचरलेला, नीटनेटका. ‘अनकेम्प्ट’ सगळ्यांना माहीत, म्हणून अर्थ सांगावाच लागत नाही. ‘वेल-केम्प्ट गार्डन’ असा वापर सहज बसतो. घेतला.

‘यॉन्डर’ : पलीकडचा. इंग्रजीत पूर्वी ‘हा, तो, पलीकडचा’ अशी तीन पायऱ्यांची दर्शक सर्वनामे होती. तिसरी पायरी स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बोलींत उरली. रस्ता सांगताना फार सोयीचा : ‘नॉट दॅट गेट, काका, द यॉन्डर वन’. अट एकच, वस्तू नजरेच्या टप्प्यात हवी आणि बोट दाखवता आले पाहिजे. फोनवर तो निरुपयोगी, तिथे ऐकणाऱ्याला ‘कुठल्या पलीकडे?’ हाच प्रश्न पडतो. घेतला.

‘व्हिदर’ सोडला. अर्थ ‘कुठे, कोणीकडे’. मराठी उच्चारात ‘वेदर’च्या दोन्ही रूपांशी (हवामान, आणि ‘की नाही’ अशा अर्थाचा) आणि कोमेजण्याच्या ‘विदर’शी धडकतो. चार शब्द एका आवाजात नकोत.

२८ सप्टेंबर : मोहिमा

२००८ मध्ये कॉलिन्स कोशाने २४ शब्द काढण्याच्या बेतात असल्याचे जाहीर केले आणि नामवंतांनी एकेक शब्द दत्तक घेतला. स्टीफन फ्राय यांनी ‘फब्सी’ (गुबगुबीत), कवी अँड्र्यू मोशन यांनी ‘स्कर’ (पंखांचा फडफडाट). प्रेम खरे होते. पण त्या यादीत अंधारासाठी ‘कॅलिजिनॉसिटी’ होता, आणि अंधाराला ‘डार्कनेस’ असताना तो कोण उचलणार? दत्तक घेणाऱ्याने शब्द निवडला तो आवाजासाठी. जागा रिकामी आहे का, हे पाहिले नाही.

डॉर्सेटचे कवी विल्यम बार्न्स यांनी १९ व्या शतकात लॅटिन-ग्रीक शब्दांऐवजी देशी इंग्रजी शब्द सुचवले : व्याकरणाला ‘स्पीचक्राफ्ट’, बाबागाडीला ‘पुशवेनलिंग’. रुळले नाहीत. त्याच शतकात, १८४६ मध्ये, विल्यम थॉम्स यांनी सुचवलेला ‘फोकलोअर’ मात्र जगभर गेला, कारण अभ्यासाचा तो विषय नव्याने उभा राहत होता आणि त्याला नाव हवे होते. मराठी वाचकाला सावरकरांचे शब्द आठवतील. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुजले त्यात छापील अर्जाचा आणि पालिकेच्या पाटीचा वाटा मोठा. आमच्या यादीला असा आधार नाही, म्हणून बोलण्यातली गरज हाच एक आधार.

५ ऑक्टोबर : रिस्पेअर आणि ॲप्रिसिटी

‘ॲप्रिसिटी’ म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरम यांच्या १६२३ च्या कोशात नोंद आहे, मूळ लॅटिन. अर्थ इतका लोभस आहे की बहुतेक लोक याच शब्दाने या छंदात येतात. पण तिसऱ्या प्रश्नावर अडतो : बोलण्यात असल्याचा पुरावा हाती लागत नाही. ऊन खात बसलेल्या माणसाला हा शब्द सांगायला हरकत नाही, यादीत नाही.

‘रिस्पेअर’ म्हणजे निराशेनंतर परत आलेली आशा, नाम आणि क्रियापद दोन्ही. ‘डिस्पेअर’ शेजारी असल्याने लिखाणात अर्थ लगेच लागतो. बोलताना ‘रिपेअर’ ऐकू येतो. म्हणून फक्त लेखी वापर : पत्र, शुभेच्छा, आजारातून उठलेल्याला पाठवलेला संदेश. खूण करून घेतला.

१२ ऑक्टोबर : वापराच्या सूचना, पक्क्या

यादी : ओव्हरमॉरो, एअरयेस्टर्डे (नंतर), फोर्टनाइटली, केम्प्ट, यॉन्डर, रिस्पेअर (फक्त लेखी). सहा पुरेत.

एका संभाषणात एकच जुना शब्द. त्याच वाक्यात अर्थ उलगडणारा दुवा. स्पेन्सरच्या १५७९ च्या काव्यात जुन्या शब्दांवर ई. के. या आद्याक्षरांनी टिपा छापल्या होत्या. बोलण्यात टीप देता येत नाही, तिचे काम वार, बोट किंवा उदाहरणाने करायचे. उच्चारल्यावर थांबायचे नाही, ऐकणाऱ्याचा चेहरा निरखायचा नाही, पुढचे वाक्य लगेच घ्यायचे. कोणी अर्थ विचारला तर एका ओळीत सांगायचा आणि शब्दाचा इतिहास त्याने विचारला तरच.

मोबाइल : कीबोर्ड ‘ओव्हरमॉरो’ तोडतो किंवा ‘टुमॉरो’ करतो. सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोशात सहाही शब्द घालायचे, आणि ‘ओव्हरमॉरो’ला दोन अक्षरांचा शॉर्टकट द्यायचा. बोलून टाइप करताना मात्र वैयक्तिक शब्दकोशावर विसंबायचे नाही. तो मजकूर पाठवण्याआधी डोळ्यांखालून घालायचा, विशेषतः दिवस ठरवताना.